मिरवेळचं बोलावणं

बॅटरीवरची ती गाडी थांबली आणि उतरण्याआधी ताराने पायातल्या चपला काढल्या.

"मॅडम, पेव्हर ब्लॉक तापलेत. पाय भाजतील," पुढे बसलेली मुलगी म्हणाली.

"असू दे," असं म्हणून तारा अनवाणीच उतरली.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. बायकोच्या वागण्याचा अर्थ लावायचं काम मी लग्नानंतर लवकरच सोडून दिलं होतं, त्यामुळे मी नुसता हसलो आणि चपला उचलून पिशवीत टाकल्या.

जागा तशी साधीच होती. दोन टॉवरच्या मधला चौक, मधोमध बंद पडलेलं कारंजं, कडेने माडांची रांग आणि पलीकडे कंपाउंडच्या भिंतीवरून दिसणारा समुद्र. माहितीपत्रकात त्याला 'सेंट्रल प्लाझा' म्हटलं होतं. ताराच्या लेखी ते तिच्या बापाचं अंगण होतं. इथेच कुठेतरी भाटकरांचं कौलारू घर होतं, पडवी होती, मागे विहीर होती. मी स्वतः त्या पडवीत पहिल्यांदा पाणी प्यालो होतो.

मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. पहिलीच नेमणूक गुहागर तालुक्यात, मिरवेळच्या रस्त्यावर. मी अकोल्याचा, वानखडे. समुद्र पहिल्यांदा पाहिला तेव्हा हा बंद करायचा नळ कुठे असेल, असंच माझ्या मनात आलं होतं. रस्त्याचं काम एका हंगामाचं, पण मी ते दोन हंगाम पुरवलं, कारण भाटकरांच्या घरी पाणी द्यायला तारा बाहेर यायची. तिच्या वडिलांना वऱ्हाडातला, परक्या जातीचा जावई अजिबात मान्य नव्हता. तिचा मोठा भाऊ दत्ताराम मात्र बापासमोर उभा राहिला. "माणूस बरा आहे. तिकडे समुद्र नाही, एवढंच ना? तारी दर वैशाखात येईल. बोलावणं माझ्याकडे लागलं," असं तो म्हणाला, आणि शब्दाला जागला. आधी आंतरदेशीय पत्र यायचं, मग शेजाऱ्यांकडे फोन, मग आमच्याकडे फोन. मजकूर एकच. कधी येतेस? ताराची बॅग त्याच दिवशी माळ्यावरून खाली यायची.

वडील गेले तेव्हा दत्तारामने बहिणीची हक्कसोडाची सही मागितली. मी म्हणालो, जरा विचार कर. तिने विचार केला नाही. सही दिली, साडी घेतली आणि हसत परत आली.

मग एका वर्षी फोन आला नाही. मिरवेळची जमीन कुणा कंपनीने घेतली, दत्ताराम चिपळूणला दोन खोल्यांत राहायला गेला, हे आम्हाला तिसऱ्याच माणसाकडून कळलं. पुढच्या वैशाखातही फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तारा भांडली नाही, रडगाणंही गायली नाही. वैशाख लागला की माळ्यावरून बॅग काढायची, ओल्या फडक्याने पुसायची, कॉटखाली ठेवायची आणि महिना संपला की परत वर. रात्री कधी तिचे डोळे ओले दिसायचे. मी विचारलं की म्हणायची, उकाडा आहे.

मी माझ्यापुरतं निदान केलं होतं. हिला समुद्र हवा आहे. रिटायर झालो आणि पेपरात जाहिरात आली, समुद्राकाठी वसलेलं संपूर्ण नगर, शाळा-दवाखाना-देऊळ-बाजार सगळं आत, आणि खाली गावाचं नाव, मिरवेळ. मी जाहिरात कापून ठेवली. हिचा समुद्र हिला परत द्यायचा आणि उरलेली वर्षं दोघांनी तिथेच काढायची, असं मनाशी ठरवूनच मी तिला गाडीत बसवून आणलं होतं. आयुष्यात मी तिला एवढी मोठी वस्तू कधी दिली नव्हती, त्यामुळे माझी छाती जरा फुगलेलीच होती.

"इकडे आपलं क्लब हाऊस, तिकडे योगा डेक, त्याच्या मागे सीनियर सिटिझन्स कॉर्नर," मुलगी पाठ केलेलं म्हणत होती. निळा कोट, गळ्यात नाजूक काळी पोत, खिशावर नावाची पट्टी, केतकी. तारा त्या पट्टीकडे इतका वेळ बघत होती की मला राहवलं नाही.

"चष्मा आणलास ना? की वाचून दाखवू?"

"आणलाय," ती म्हणाली. मग त्या मुलीला विचारलं, "लग्न कधी झालं गं तुझं?"

"मागच्या वर्षी, मॅडम."

"वैशाखात?"

"हो."

"थाटात?"

"नाही, साधंच. चिपळूणला हॉलमध्ये." तिने घाईने हात पुढे केला. "इकडून या ना, सावली आहे."

सावली माडांची होती. तारा एका माडाखाली थांबली आणि मान वर करून बघत राहिली.

"यांना नारळ कसे नाहीत?"

"रहिवाशांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून मेन्टेनन्सवाले आधीच पोय छाटतात, मॅडम. नारळ धरायच्या आधी, फुलोराच."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

त्या माडाच्या खोडाला खाचा होत्या, वर चढताना पाय रोवायला पूर्वी पाडतात तशा. झिजून गुळगुळीत झालेल्या. ताराने एका खाचेत बोटं घातली आणि तशीच उभी राहिली.

"बाकीचे माड बाहेरून आणून लावलेत," मुलगी हळूच म्हणाली. "हा एकच इथला आहे."

"मला माहीत आहे," तारा म्हणाली.

"मलाही," असं काहीतरी ती मुलगी पुटपुटली. माझं लक्ष तेव्हा चौकाच्या फरशीकडे होतं. पाण्याचा उतार चक्क इमारतीच्या दिशेने दिला होता. मी तसं बोलूनही दाखवलं, पण दोघींपैकी कुणी ऐकल्यासारखं केलं नाही.

नमुन्याचं घर पाचव्या मजल्यावर होतं. मी माझ्या पद्धतीने ते तपासलं. भिंती ठोकल्या, नळ सोडले, बाटलीतलं पाणी बाल्कनीत ओतून ते कुठे जातं ते पाहिलं. काम बरं होतं. दरवाजाच्या चौकटीत थोडी लबाडी होती, पण एवढी कुठेही असते. तारा सगळा वेळ बाल्कनीत उभी होती. खाली समुद्र दुपारच्या उन्हात पांढरा पडला होता. आता ही वळेल, हिचा चेहरा फुलेल, म्हणून मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"वारा तोच आहे," ती म्हणाली.

"मग? घ्यायचं ना?"

"तुम्हाला आवडलं?"

"माझं काय घेऊन बसलीस! तुझ्यासाठी घेतोय. सकाळी उठलीस की समोर समुद्र, आणखी काय पाहिजे?"

ती माझ्याकडे वळली. खूप वर्षांच्या संसारात बायका नवऱ्याचं मन मोडायचं नाही म्हणून जसं बघतात, तसं तिने बघितलं. तेव्हा मला ते आनंदासारखंच दिसलं.

"घ्या मग," ती म्हणाली.

ऑफिसात एसी होता. मॅनेजर पुण्याचा, तरुण, बोलायला गोड. त्याने कागद पुढे सरकवले आणि कुठे कुठे सही करायची त्या जागा दाखवल्या. मी पेनचं टोपण काढलं.

"सर, सहीच्या आधी एक छोटासा कार्यक्रम," तो म्हणाला. "बुकिंगच्या वेळी आम्ही मॅडमची ओटी भरतो. कोकणी परंपरा, यू सी. लोकांना फार आवडतं. केतकी, ट्रे आण."

केतकी ट्रे घेऊन आली. त्यात खण, पारदर्शक पिशवीत बांधलेले तांदूळ, सुपारी, आणि कंपनीचं चिन्ह चिकटवलेला नारळ. मॅनेजरने फोन काढून फोटोची तयारी केली. तारा उठली. डोक्यावरून पदर घेतला, दोन्ही हातांनी ओटी पसरली. केतकीने तिला कुंकू लावलं. कुंकू जरा नाकावर सांडलं. मग तिने नारळ उचलला.

तारा ओटी पसरलेली तशीच म्हणाली, "ही ओटी कंपनीकडून, का घरून?"

मॅनेजर हसला. "मॅडम, आता हे घर तुमचंच आहे, तेव्हा..."

"तुम्हाला नाही विचारलं. हिला विचारलं."

केतकी नारळ हातात धरून उभी. नारळ ओटीत पडेना, खाली ठेवला जाईना.

"नाव कुणी ठेवलं गं तुझं?" ताराने विचारलं.

"आत्याने."

"केतकीच का ठेवलं?"

"माझा जन्म झाला तेव्हा किनाऱ्याकडेच्या कुंपणावर केवडा फुलला होता. आत्या बारशाला आली होती, ती म्हणाली, हिचं नाव केतकी." मुलगी शाळेत उत्तर देतात तशी सांगत होती. "सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले."

"मग कुठे असते ही आत्या?"

"अकोल्याला," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

मी उघडं पेन हातात धरून बघत होतो. कोट, पट्टी, काळी पोत, हे सगळं सकाळपासून पाहिलं होतं. नाक आत्ता पाहिलं. दत्तारामचं नाक होतं ते, मधेच थोडं वर उचललेलं. बारशाला मी नव्हतो, इलेक्शन ड्यूटी होती, आणि घरात त्या पोरीला केतकी कुणी म्हणतच नसे.

"छकुली?" मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि नारळ परत ट्रेत ठेवला. मॅनेजर शहाणा होता. कुणाचातरी फोन आल्यासारखं करून तो बाहेर गेला.

"यादीत नाव वाचलं तेव्हाच कळलं मला," केतकी म्हणाली. "वानखडे, अकोला. मी साहेबांना म्हटलं, ही व्हिजिट मला द्या."

"आणि मग सकाळपासून मॅडम, मॅडम काय चालवलं होतंस?"

"काय म्हणून हाक मारू, आत्या? बाबांनी तुला न विचारता जागा दिली. इथे नोकरी मिळते म्हणून मी पण त्यांना घाई केली. लग्नाची पत्रिका तुझ्या नावाने लिहून ठेवली होती. बाबा रोज हातात घ्यायचे आणि परत कपाटात ठेवायचे. म्हणायचे, आता कुठल्या घरात बोलावू तिला? दोन खोल्यांत? मिरवेळ विकून?"

"मी काय खोल्या मोजायला येणार होते?" ताराने ओटी सोडली. "मी पण सकाळपासून वाट बघत होते. तू एकदा आत्या म्हणावंस म्हणून. पट्टी वाचली तेव्हापासून."

मग तिने केतकीला जवळ घेतलं. निळ्या कोटावर कुंकवाचा डाग पडला.

मला काहीतरी करायला हवं होतं, आणि मला करता येण्यासारखी एकच गोष्ट समोर होती, ती म्हणजे सही. मी कागद ओढला.

"अहो, पेन बंद करा," तारा म्हणाली.

"काहून? घर आवडलं म्हणालीस ना?"

"घर चांगलंच आहे."

"मग? आता तर पोरगीही इथेच आहे. आणखी बरं."

ती खुर्चीवर बसली. माझ्याशी बोलताना ती सहसा हातातलं काम थांबवत नसे. तेव्हा हातात काही नव्हतं, तरी ती थांबली.

"इथे घेतलं की मी इथली मालकीण झाले. मेन्टेनन्स भरणारी. मालकिणीला कोण बोलावतं हो? दादाने सही मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात विचार कर. मी काय विचार करायचा होता? हिस्सा घेणाऱ्या बहिणीचं माहेर तुटतं. मी हिस्सा सोडला तो बोलावणं राहावं म्हणून. आता तुमच्या फंडातून मी माझं माहेर विकत घ्यायचं, आणि वैशाख लागला की माझं मीच मला बोलवायचं?"

"पण समुद्र..." मी म्हणालो.

"समुद्रासाठी नाही हो रडायची मी."

"मग?"

"फोनसाठी."

एवढ्या वर्षांत हे मला कळलं नव्हतं. मी पेनाला टोपण लावलं.

केतकीने डोळे पुसले, मोबाइल काढला, नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"बाबा, इथे आत्या आलीय."

पलीकडे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग कुणीतरी गॅस बंद केला.

"घर बघायला?" दत्तारामचा आवाज म्हातारा झाला होता.

"हो. पण घेत नाहीये."

केतकीने फोन आत्यासमोर धरला. ताराने तो हातात घेतला आणि गप्प बसली. मी हाताने खुणा करत होतो, बोल, बोल. ती बोलणार नव्हती. माहेरवाशीण आपल्या तोंडाने कशी म्हणेल, मी येऊ का? फोनमध्ये दत्तारामचा श्वास ऐकू येत होता आणि ती तेवढाच ऐकत होती. मला वाटलं, आता हा फोन ठेवतो. ठेवला असता तर काय झालं असतं, ते आजही मनात आणवत नाही.

"तारे," तो म्हणाला.

"हं."

"ऊन फार आहे गो."

"हं."

"वैशाख लागला."

"लागला."

केतकीने माझा दंड घट्ट धरला होता.

"कधी येतेस?"

ताराने पदर तोंडाला लावला. खांदे हलत होते. हातातला फोन मात्र तिने सोडला नाही.

"आज येते," ती म्हणाली.

चिपळूणचं घर तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी दिसायची. दत्ताराम जिन्यातच उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने ताराची पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागला. वहिनींनी जेवायला सोलकढी आणि सुरमई केली होती. निघताना त्यांनी ताराला पाटावर बसवलं, स्टीलच्या वाटीतून तांदूळ ओटीत घातले, वर नारळ ठेवला.

"विकतचा आहे," दत्ताराम दारातून म्हणाला. त्याची मान खाली होती. "भाटकरांच्या लेकीला विकतचा नारळ."

"दादा, येते," तारा म्हणाली. "पुढच्या वैशाखात बोलाव."

तो नारळ तिने अकोल्यापर्यंत मांडीवर आणला. पिशवीत ठेवू दिला नाही.

मिरवेळला घर आम्ही घेतलं नाही. दोन-तीन वर्षांनी केतकीने आणि तिच्या नवऱ्याने घेतलं, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत, सगळ्यात मागच्या इमारतीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. खिडकीतून पार्किंग दिसतं. दत्ताराम आणि वहिनी तिथेच राहायला गेले. त्या वर्षापासून बोलावणं पुन्हा मिरवेळहून यायला लागलं. तारा दर वैशाखात जायची, बाहेरच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपायची, रोज सकाळी चौकात जाऊन त्या जुन्या माडाखाली बसायची, आणि अकोल्याला उतरली की शेजारणींना सांगायची, माझ्या माहेरी फार जागा आहे. केतकीने सोसायटीच्या मीटिंगमध्ये दोन वर्षं भांडून त्या एका माडाला खाली जाळी बांधून घेतली. त्याची पोय आता छाटत नाहीत. ताराच्या शेवटच्या ओटीत त्याच माडाचा नारळ होता.

तिला जाऊन आता दोन वर्षं झाली. बॅग माळ्यावरच होती. गेल्या वैशाखात फोन वाजला तेव्हा मी दुपारचा आडवा झालो होतो.

"आतोबा, कधी येताय?" केतकीने विचारलं.

मी उठून बसलो आणि म्हणालो, "अगं, मी एकटा येऊन काय करू? ते बोलावणं तिचं होतं."

"बाबा म्हणतात, तुम्हालाच आहे. ओटी नाही भरता येणार तुमची. पण टॉवेल-टोपी देऊ."

मी बॅग काढली, पुसली आणि गेलो. दत्ताराम आता फारसं चालत नाही. आम्ही दोघे खिडकीत बसून पार्किंगमधल्या गाड्या बघायचो. संध्याकाळी केतकी मला चौकात न्यायची. माडाखाली बसताना मी चपला काढून ठेवायचो. फरशीचा उतार अजूनही चुकीचाच आहे.

निघताना केतकीने मला पाटावर बसवलं. खांद्यावर टॉवेल ठेवला, हातात नारळ दिला, आणि दत्तारामने माझ्या डोक्यावर पांढरी टोपी घातली. आयुष्यात मी कधी टोपी घातली नव्हती. ती थोडी मोठी होती, कानांवर येत होती.

"येतो," मी म्हणालो.

अकोला येईपर्यंत मी ती काढली नाही.